जाकीट सापडेना, आणि मग ती थप्पड: 'एद्वार ए कारोलिन'विषयी

तुम्ही लिहिलंय की रविवारी दुपारी नवऱ्याबरोबर जाक बेकेर या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'एद्वार ए कारोलिन' (1951) पाहिलात. कुणीतरी 'हलकीफुलकी फ्रेंच रोमँटिक कॉमेडी' म्हणून सुचवला होता. सुरुवातीचा बराच वेळ एक जाकीट शोधण्यात गेला, नवरा पेंगायला लागला. मग नायकाने बायकोच्या थोबाडीत मारली आणि तुमचं मन उडालं. शेवटी दोघांचं गोड झालं तेव्हा फसवल्यासारखं वाटलं. 'आम्हाला काही कळलं नाही, की चित्रपटच शिळा झालाय?' असं विचारलंत.

मी संकलक आहे. तीसेक वर्षं दुसऱ्यांच्या चित्रपटांतलं नको असलेलं कापण्यात गेली. आता अधूनमधून मुलांना शिकवते, आणि शिकवताना हा चित्रपट हटकून लावते. त्यामुळे माझं मत निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगते.

मला वाटतं तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. एक जाकिटाचा: इतक्या क्षुल्लक गोष्टीला इतका वेळ का? दुसरा थपडेचा: असं करणाऱ्या माणसाला आपण हसत हसत माफ का करायचं? पहिल्याबाबत मी चित्रपटाची बाजू शेवटपर्यंत लढवीन. दुसऱ्याबाबत लढवणार नाही, निदान पूर्ण नाही. पण दोन्ही सुटे करून बोलताही येत नाही, कारण जाकीट नीट पाहिलं नाही तर थप्पड कुठून आली हे कळत नाही.

आधी एक अडचण मान्य करते. तुम्ही कसा पाहिलात यावर बरंच अवलंबून आहे. हा बोलका चित्रपट आहे. दोघं एकमेकांचं वाक्य तोडत बोलतात, आणि बोलता बोलता हात दुसरंच काही करत असतात. सबटायटल वाचण्यात डोळे खाली गेले की हातांचं काम निसटतं, आणि निम्मा विनोद तिथेच आहे. शिवाय इंग्रजी सबटायटलमध्ये फ्रेंच भाषेतलं 'तू' आणि 'तुम्ही' एकाच शब्दात चिरडलं जातं. आपल्याला तर हा फरक आईच्या दुधाबरोबर मिळालेला. पुढच्या वेळी कान देऊन ऐका: कोण कुणाला 'त्यू' म्हणतं आणि कोण 'वू'. घरातली माणसं आणि श्रीमंतांच्या बंगल्यातली माणसं यांच्यातलं अंतर त्यातून ऐकू येतं. आणि तिसरं म्हणजे सोबत. भरलेल्या सभागृहात जाकिटाच्या प्रसंगाला लोक पाच मिनिटांत हसायला लागतात, कारण शेजारच्याला हसू आलं की आपल्यालाही आपल्या घरातलं काही आठवतं. दोघांनीच सोफ्यावर बसून, जेवणानंतर पाहिला तर पेंग येणं हा गुन्हा नाही.

आता गोष्ट, म्हणजे ज्यांनी पाहिला नाही त्यांनाही पुढचं कळेल. एद्वार (दानिएल जेलँ) गरीब पण गुणी पियानोवादक. कारोलिन (आन व्हेर्नों) वरच्या वर्गातली मुलगी, प्रेमात पडून या पोराशी लग्न केलेली. राहायला लहानसं घर. कारोलिनच्या श्रीमंत काकांनी आपल्या बंगल्यावर संध्याकाळची मैफल ठेवलीय, चार बड्या लोकांनी याला ऐकावं म्हणून. निघायची वेळ होत आली, आणि समारंभाच्या पोशाखातलं जाकीट सापडत नाही. एद्वार ते उसनं मागायला काकांच्या घरी जातो. इकडे कारोलिन आपला जुना झगा नव्या फॅशनचा दिसावा म्हणून कात्रीने पुढून आखूड करते. तो परत येतो, झगा पाहतो, भडकतो. भांडण, थप्पड, 'मला घटस्फोट हवाय'. तो एकटाच मैफलीला जातो, ती मागाहून येते, रात्री दोघं पुन्हा घरी. संपलं. एक संध्याकाळ, दोन घरं.

कथानक एवढंच आहे, आणि तुम्ही म्हणता तसं 'काहीच घडत नाही' हे खरंही वाटेल. पण जाकीट कुणाकडून आणायचं, हे पाहा. काकांच्या मुलाकडून, आलँकडून. हा आलँ कारोलिनवर डोळा ठेवून असलेला, आपली चुलतबहीण नको तिथे पडली असं मानणारा श्रीमंत पोरगा. म्हणजे एद्वारला आज ज्या माणसांसमोर स्वतःच्या हुन्नरावर उभं राहायचंय, त्यांच्याच कपाटातलं कापड अंगावर चढवून उभं राहावं लागणार. हे कुठलंही पात्र तोंडाने बोलत नाही. बेकेर फक्त जाकीट शोधायला लावतो. सासरच्या लग्नात मेव्हण्याचा कोट घालून फोटोला उभं राहिलेल्या कुणालाही विचारा, तो कोट किती जड लागतो.

तीच गत झग्याची. कारोलिनला माहीत आहे की तिच्या माहेरच्या बायका पहिल्या नजरेत झग्याचं वय ओळखतात. 1947च्या फेब्रुवारीत क्रिस्तियाँ दिओर या फॅशनकाराने आपल्या कपड्यांचा पहिला संग्रह दाखवला आणि युद्धातल्या काटकसरीचे कपडे एका रात्रीत जुने झाले; त्यानंतरच्या पॅरिसमध्ये झग्याची लांबी ही पैशाची भाषा होती. बेकेरला ही भाषा येत होती. 1945मध्ये त्याने 'फाल्बाला' हा अख्खा चित्रपट एका फॅशनगृहात घडवला होता. तेव्हा कारोलिनची कात्री हा बाईचा लहरीपणा नव्हे. ती तिच्या परीने तेच करते आहे जे एद्वार जाकिटासाठी धावून करतोय: त्या बंगल्यात लाज जाऊ नये म्हणून धडपड. दोघं एकाच भीतीपोटी दोन दिशांना पळतात आणि दारात एकमेकांवर आदळतात. माझ्या मते सगळी कॉमेडी या आदळण्यात आहे.

माझ्या वर्गातली एक गंमत सांगते. मुलांना मी नवरा-बायकोच्या भांडणाचं चित्रण संकलनासाठी देते. बाहेर जायच्या घाईत दोघं, किल्ली सापडत नाही, शेवटी जुनं काहीतरी उकरून निघतं. आमच्याच विद्यार्थ्यांनी चित्रित केलेलं, साधं. दहातली आठ मुलं पहिल्या फटक्यात किल्लीची शोधाशोध कापतात आणि थेट आरडाओरड्यावर येतात. 'मॅडम, मुद्द्यावर आणलं.' मग आम्ही सगळे मिळून पाहतो. दोन माणसं एकदम ओरडायला लागतात आणि आपल्याला कुणाचंच काही वाटत नाही. मग मी शोधाशोध परत जोडायला सांगते: खिसे चाचपणं, उशी उलटणं, 'तिथे पाहिलं का' आणि 'पाहिलं गं' यांची पाच आवर्तनं. आता तेच ओरडणं ऐकताना पोटात गोळा येतो. मुद्दा किल्लीतच होता, आणि आपण तोच कापून टाकला होता, हे मुलांना तेव्हा दिसतं. मलाही उशिराच दिसलं. एका मालिकेवर काम करताना निर्मात्याच्या सांगण्यावरून मी अशी शेकडो मिनिटं कापली आहेत, आणि त्याचा पगार घेतलाय.

बेकेरला हे कुठून आलं? तिसाच्या दशकात तो जाँ रन्वार या दिग्दर्शकाचा सहायक होता. (हाच रन्वार पुढे 'द रिव्हर'च्या चित्रीकरणासाठी बंगालमध्ये आला आणि तरुण सत्यजित राय त्याच्या मागेमागे हिंडले.) माणसाला वावरायला जागा द्यायची, कॅमेऱ्याने त्याला हाकायचं नाही, ही रन्वारकडची शिकवण. पण माझ्यासारखीला जास्त रस आहे तो मार्गरीत रन्वार या बाईमध्ये. ती संकलक. जाँ रन्वारची त्या काळातली जोडीदार. लग्न झालं नाही, पण आडनाव तिने लावलं आणि ते टिकलं. त्याचे चित्रपट तिने जोडले आणि नंतर बेकेरचेही. आता गंमत पाहा. 1947मध्ये बेकेर आणि मार्गरीतने केला 'आन्त्वान ए आन्त्वानेत'. त्यात हजाराहून जास्त शॉट आहेत, नुसता चराचरा कापलेला. चारच वर्षांनी 'एद्वार ए कारोलिन'मध्ये तीच बाई कात्री जवळजवळ बाजूला ठेवते आणि माणसांना खोलीभर फिरू देते. कात्री चालवणं एखाद्या वर्षात शिकता येतं. न चालवणं शिकायला मला वीस वर्षं लागली.

पटकथेतही एक बाई आहे, आनेत व्हादमाँ, त्या वेळी विशीतली. संवाद बेकेरने तिच्याबरोबर लिहिले. पुढे तिने माक्स ओफ्युल्स या दिग्दर्शकासाठीही लिहिलं, 'मादाम द...' आणि 'लोला मोंतेस'. भांडणात कारोलिनची बाजू नुसती ऐकवली जात नाही, ती जिंकतेही, याचं श्रेय मी निःशंकपणे व्हादमाँला देते.

इथवरचं एका वाक्यात: जाकीट ही गोष्टीतली अडचण नाही, तीच गोष्ट आहे. आता थपडेकडे येते.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी मी हा चित्रपट दाखवायची तेव्हा थपडेला सभागृहात हशा व्हायचा. मोठा नाही, पण व्हायचा, आणि त्यात बायकाही असायच्या. अलीकडे तिथे शांतता पसरते. मागच्या खेपेला एक मुलगी उठून बाहेर गेली. चित्रपट तोच, प्रत तीच. तेव्हा 'शिळा झालाय का' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर या जागेपुरतं 'हो, थोडा' असंच आहे. त्या काळच्या पडद्यावर, फ्रान्समध्ये, हॉलीवूडमध्ये आणि आपल्याकडेही, रागावलेल्या नवऱ्याची थप्पड हा विनोदाचा आणि प्रेमाचा चलनी शिक्का होता. बेकेर त्या चलनाच्या बाहेरचा नव्हता.

पण एक गोष्ट लक्षात घ्या, जी आज सहज सुटते. थप्पड बसल्यावर कारोलिन रडत माहेरी जात नाही, 'घटस्फोट' म्हणते. आपल्याला ती रागाच्या भरातली धमकी वाटते. 1951च्या फ्रान्समध्ये मात्र त्या शब्दाला धार होती. 1884च्या कायद्याने घटस्फोट परत आला, तो फक्त दोषावर: व्यभिचार, मारहाण वा छळ, गंभीर अपमान, किंवा जोडीदाराला झालेली विशिष्ट शिक्षा. 'आमचं पटत नाही' म्हणून परस्परसंमतीने वेगळं व्हायची सोय 1975मध्ये आली. म्हणजे पहिला अर्धा तास हे जोडपं कितीही तणतणलं असतं तरी कायद्याच्या लेखी काही झालं नव्हतं. त्या एका थपडेने एद्वारने स्वतःच्या हाताने बायकोच्या हातात कारण दिलं. त्या वेळच्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागत नसणार. नवऱ्याच्या परवानगीशिवाय नोकरी धरायचा आणि स्वतःच्या नावे बँकेत खातं उघडायचा हक्क फ्रेंच विवाहितेला 1965च्या कायद्याने मिळाला. मतदान तिने पहिल्यांदा 1945च्या एप्रिलमध्ये केलं. या चौकटीत उभं राहून कारोलिन तो शब्द उच्चारते. त्यामुळे त्या रात्रीचा पुढचा भाग 'रुसलेल्या बायकोची समजूत' असा मला वाटत नाही. एका खऱ्या उघड्या दारापाशी उभी राहून ती ठरवते आहे.

मग शेवट? इथे मी तुमच्याशी बरीचशी सहमत आहे. बेकेरने थपडेचा हिशेब पुरता चुकवलेला नाही. एद्वार मैफलीत अपमान गिळतो, एकटा पडतो, शोभा होते. चित्रपटाला वाटतं की एवढी शिक्षा पुरे. मला वाटत नाही. जाकिटाला जितका वेळ दिला त्याच्या निम्मा वेळ त्या गालाला दिला असता तर शेवट पटला असता. क्षुल्लक गोष्टींवर इतकं बारीक लक्ष ठेवणारा दिग्दर्शक नेमक्या गंभीर गोष्टीपाशी घाईने पुढे सरकतो. संकलक म्हणून मला तिथे दोन शॉट कमी वाटतात, आणि ते चित्रितच झाले नसावेत असं वाटतं.

तरीही ही रोमँटिक कॉमेडीच का म्हणायची? कारण या जातीच्या सगळ्याच कॉमेड्या 'जमेल का' असं विचारत नाहीत. काही 'टिकेल का' असं विचारतात. स्टॅन्ली कॅव्हेल या अमेरिकी तत्त्वज्ञाने 1981मध्ये तिसा-चाळिसाच्या दशकातल्या हॉलीवूड विनोदपटांवर पुस्तक लिहिलं आणि त्यांना 'पुनर्विवाहाची कॉमेडी' असं नाव दिलं: लग्न झालेलं आहे, मोडायला आलंय, आणि त्याच दोघांना एकमेकांना नव्याने निवडायचंय. बेकेरने ती चौकट उचलली असं मी म्हणणार नाही, पण गोत्र तेच. फरक एवढाच की हॉलीवूडमधली अशी जोडपी बहुधा गडगंज असतात. भांडायला त्यांच्याकडे निवांत वेळ आणि मोठमोठे दिवाणखाने असतात. इथे भांडायला जेमतेम जागा आहे, आणि मैफलीची वेळ गाठायची आहे.

मैफलीबद्दल फार लिहीत नाही, तो भाग तुम्हालाही आवडला असं तुम्हीच म्हणालात. फक्त एक खोच. जाणकारीचा आव आणणाऱ्या त्या पॅरिसच्या उच्चभ्रू घोळक्यात संगीत मनापासून ऐकणारा माणूस कोण? अमेरिकन उद्योगपती. हे 1951चं आहे हे विसरू नका. 1946च्या फ्रान्स-अमेरिका यांच्यातल्या ब्लुम-बर्न्स करारानंतर फ्रेंच चित्रपटांसाठी चित्रपटगृहांत दर तिमाहीत फक्त चार आठवडे राखीव उरले होते, हॉलीवूडचे चित्रपट लोटले होते आणि फ्रेंच चित्रपटवाले त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. अशा वेळी अमेरिकनाला खलनायक करणं सोपं होतं, टाळ्याही पडल्या असत्या. बेकेर त्यालाच कान देतो आणि आपल्या लोकांची टोपी उडवतो. मला हा खट्याळपणा फार आवडतो.

'याच काळातलं आणखी काही पाहावं का' असंही विचारलंत. पाहा, आणि पहिल्यांदा 'आन्त्वान ए आन्त्वानेत' पाहा. खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी होती. तिथे जोडपं कामगार वर्गातलं. तो छापखान्यात, पुस्तकबांधणीच्या कामात, ती प्रिझ्युनिक या स्वस्त वस्तूंच्या दुकानात. घर वरच्या मजल्यावरचं, चिमुकलं. त्याचं स्वप्न साइडकार लावलेल्या मोटरसायकलचं. लॉटरीचं तिकीट लागतं, आठ लाख फ्रँक, आणि ते तिकीट हरवतं. पुढचं सांगत नाही.

यात शेजारचा किराणावाला आहे, नोएल रोकव्हेरने केलेला. आन्त्वानेतच्या मागे लागलेला, मिशीवाला, गुळगुळीत बोलणारा. आजच्या प्रेक्षकाला प्रश्न पडतो की ही बाई त्याला सरळ हाकलून का देत नाही. तर 1947च्या फ्रान्समध्ये रेशन चालू होतं; पावाचं रेशन त्या वर्षी दिवसाला 200 ग्रॅमवर आलं होतं, जर्मन ताब्यातल्या वर्षांपेक्षाही कमी. अशा दिवसांत किराणावाल्याशी वाकडं घेणं परवडत नसे, आणि हे त्या मेल्याला पक्कं ठाऊक असतं. आपल्याकडे रॉकेलच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला हे शब्दांत सांगावं लागत नाही. माझ्या आईने हा चित्रपट पाहिला तेव्हा ती एवढंच म्हणाली, 'हा आपला रेशनवालाच की.' त्या वर्षीच्या कान महोत्सवात या चित्रपटाला मानसशास्त्रीय आणि प्रेमपटांच्या गटातलं बक्षीस मिळालं. असा गट तेव्हा होता, हेच मला मजेशीर वाटतं.

त्यानंतर हवं तर 'र्‍यू द लेस्त्रापाद' (1953). पुन्हा बेकेर, व्हादमाँ, आन व्हेर्नों आणि जेलँ. इथे नवऱ्याची भानगड कळल्यावर बायको घर सोडून एकटी खोली घेऊन राहते. तिन्हींमध्ये तो मला थोडा फिका वाटतो, पण तुमच्या थपडेच्या प्रश्नानंतर पाहायला बरा आहे, कारण यात बाई खरोखर दाराबाहेर पडते. आन व्हेर्नों तुम्हाला ओळखीची वाटली असेल तर ती 1964च्या 'ले पाराप्ल्वी द शेर्बूर'मधली आई, छत्र्यांच्या दुकानाची मालकीण.

राहिले तुमचे पेंगणारे यजमान. त्यांना जबरदस्ती करू नका. पण 'एद्वार'चा पहिला अर्धा तास पुन्हा लावायचा झाला तर एकच करून पाहा: सबटायटल बंद करा. गोष्ट आता माहीत आहेच. नुसते दोघांचे हात पाहा, आणि दोघं त्या लहानशा घरात एकमेकांना वळसा कसा घालतात ते पाहा. पंधरा मिनिटं पुरतील. तेवढ्यात कुणाला हसू आलं नाही तर खुशाल बंद करा आणि मोटरसायकलवाला लावा.